वाचक विचारतात : कर्जदाराचं नाव नेमकं कुठल्या कागदावरून घ्यायचं?

मागच्या अंकात तारण कर्जाच्या कागदांवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ होती की नाव चुकलं तर तारणाची नोंद असून नसल्यासारखी होते. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आलीत. काही पत्रं लांब होती ती छोटी केलीत. नावं कुणाचीच छापत नाही, कर्जाचा विषय आहे, गावात उगाच चर्चा नको.

सर, मी उदगीरचा. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, नाईट शिफ्ट. अमेरिकन बँकांसाठी यूसीसी-१ नावाचे फॉर्म भरायलो रोज. पत्ता चुकला तर क्वालिटीवाले नुसती कमेंट टाकतात, पण कर्जदाराच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की डायरेक्ट फेटल एरर, त्या दिवसाचा स्कोअर शून्य. टीम लीडला विचारलं कामून, तर म्हणे एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या नियमावलीत, आहे. एसओपीत आहे ते मलाही दिसतंय, पण कारण काय?

कारण ते अख्खं रजिस्टरच नावावर चालतं. आपल्याकडं जमीन गट नंबरावरून सापडते, गाडी नंबर प्लेटवरून सापडते, पण तिकडं एखाद्या शेतकऱ्यानं पेरणी यंत्र, गुरं, कोठीतला मका असं सगळं तारण दिलं, किंवा दुकानदारानं दुकानातला माल आणि गिऱ्हाइकांकडची येणी तारण दिली, तर त्याला नंबर कुठून आणणार? म्हणून त्यांच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या नवव्या आर्टिकलमध्ये सोपी व्यवस्था केलीय, कर्ज देणाऱ्यानं राज्याच्या ऑफिसात एक छोटं स्टेटमेंट टाकायचं (तोच तुमचा यूसीसी-१ फॉर्म), त्यात कर्जदाराचं नाव, देणाऱ्याचं नाव आणि तारण काय एवढ्या तीन गोष्टी, आणि उद्या दुसरी बँक त्याच माणसाला कर्ज द्यायला निघाली की तिनं नाव टाकून शोधायचं. आता दुकानदारानं उधारी 'बाळू'च्या पानावर लिहिली आणि वसुलीवाला वहीत 'बालाजी'चं पान हुडकायला लागला, तर त्याला पान कोरंच दिसणार ना. तसंच हे. पत्ता त्या तीन गोष्टींत नाहीच. फॉर्मवर मागतात, रिकामा सोडला तर फॉर्म परत येऊ शकतो, पण पत्ता चुकला म्हणून तारण हातचं जात नाही. तुमचे क्वालिटीवाले कडक वाटतात खरे, पण ते बरोबर जागी कडक आहेत.

चूक चालून जाते की नाही याची कसोटी पण तिथं अगदी कोरडी आहे. कर्जदाराचं खरं नाव टाकून, त्या ऑफिसच्या ठरलेल्या सर्च पद्धतीनं शोधलं तर तुझं स्टेटमेंट वर येतं का? आलं तर बारीकसारीक चूक माफ. नाही आलं तर ते दिशाभूल करणारं धरतात, आणि मग 'अहो वाचणाऱ्याला कळलंच असतं की हा तोच माणूस' हे म्हणणं कुणी ऐकत नाही.

कान्सस राज्यात असंच झालं होतं. शेती अवजारांवर कर्ज दिलं, स्टेटमेंट टाकताना त्या शेतकऱ्याचं सगळे हाक मारतात ते छोटं नाव टाकलं, कागदोपत्री नाव लांब होतं. पुढं त्यानं दिवाळखोरी जाहीर केली. पहिल्या कोर्टानं म्हणलं चालतंय, पण वरच्या पॅनलनं २००४ साली ते फिरवलं, म्हणे कायद्यातलं नावच पाहिजे, टोपणनाव नाही. दिवाळखोरीत ही गोष्ट फार महागात पडते बरं का, कारण तिथं नेमलेला ट्रस्टी असली नोंद उडवायलाच बसलेला असतो, आणि नोंद उडाली की तारण असलेली बँक बिगरतारणवाल्यांच्या लाईनीत जाऊन उभी राहते.

दुसरं फ्लोरिडाचं, हे तर तुझ्या रोजच्या कामातलं आहे. कंपनीचं नाव '१९४४ बीच बुलेव्हार्ड, एलएलसी'. बँकेनं बुलेव्हार्ड पूर्ण न लिहिता पत्त्यात लिहितात तसा शॉर्टफॉर्म टाकला. खरं नाव टाकून सर्च केला की फ्लोरिडाच्या साईटवर नावांची वीस-वीसची पानं येतात, आणि बँकेची नोंद त्या पहिल्या पानावर नव्हती, मागच्या पानावर जावं लागत होतं. बँक म्हणायची एक पान मागं गेलं की दिसतंय की. २०२२ ला फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्या सर्चमध्ये अख्खं रजिस्टर मागंपुढं चाळता येतं त्याला ठरलेली सर्च पद्धत म्हणताच येत नाही, आणि तशी पद्धतच नसेल तर चूक माफ करणारी सवलतही नाही, म्हणजे एका शॉर्टफॉर्मपायी नोंद गेली. म्हणून तुमच्या एसओपीत शॉर्टफॉर्म नको असं लिहिलेलं असतं. बाकी बऱ्याच राज्यांत सर्च पद्धत स्वल्पविराम, टिंब, लहान-मोठं अक्षर आणि शेवटचं इन्क, एलएलसी वगैरे सोडून देते, पण राज्याराज्यात फरक आहे, त्यामुळं 'ते सोडून देतंय' यावर विसंबून भरू नको.

मग नाव घ्यायचं कुठून? माणूस असेल तर ड्रायव्हिंग लायसन्स. २०१० साली कायद्यात दुरुस्ती केली, बहुतेक राज्यांत १ जुलै २०१३ पासून लागू झाली, आणि जास्तीत जास्त राज्यांनी जो पर्याय घेतला त्यात राज्यानं दिलेल्या, मुदत न संपलेल्या लायसन्सवर जे नाव छापलंय तेच नाव. काही राज्यांत लायसन्सचं नाव चालतं पण तेवढंच चालतं असं नाही. तुला काय, तू लायसन्सवरचंच घे. कर्जाच्या करारावर सही केलेलं नाव वेगळं असलं तरी लायसन्स बघ आणि लायसन्सची मुदत पण बघ, कारण मुदत संपलेलं लायसन्स या कामाला लायसन्स नाही. आडनावाचा रकाना वेगळा, पहिल्या नावाचा वेगळा, मधलं काही असेल तर त्याचा वेगळा, आणि ज्युनियर किंवा तिसरा असलं काही असेल तर शेवटचा रकाना. मेक्सिकन वगैरे लोकांची दोन-दोन आडनावं असतात तिथं गल्लत होते. आणि माणसाचं नाव संस्थेच्या रकान्यात टाकायचं नाही, दोन्हीच्या याद्या वेगळ्या असतात, माणूस म्हणून शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही.

कंपनी असेल तर स्थापनेचा जो कागद राज्याकडं नोंदलाय त्यावरचं नाव, पुढच्या दुरुस्त्या धरून. वेबसाईटवरचं नाही, लेटरहेडवरचं नाही, आणि लोक चुकतात ते हे की राज्याच्या साईटवर कंपनी शोधली, तिथलं नाव कॉपी पेस्ट केलं. ती साईट म्हणजे कुणीतरी टाईप केलेली यादी आहे, मूळ कागद मागव. दुकानाच्या पाटीवरचं नाव एकटं टाकलं तर ते कायद्यानंच अपुरं आहे. दोन नावांबद्दल शंका असेल तर एकाच रकान्यात 'उर्फ' लावून कोंबू नको, दुसरं नाव जादा कर्जदार म्हणून वेगळ्या रकान्यात टाक, तशी सोय फॉर्ममध्येच आहे.

अजून एक, ऑफिसनं फॉर्म स्वीकारला, नंबर दिला, म्हणजे नाव बरोबर आहे असं नाही. ते लायसन्सशी ताडून बघतच नाहीत. तुमच्याकडं 'ॲक्सेप्टेड' आलं की फाईल बंद करत असतील तर तिथं भोक आहे.

आणि पुढं कर्जदाराचं नाव बदललं, लग्न झालं, कंपनीनं नाव बदललं, लायसन्स नव्या नावानं आलं, तर जुनी नोंद आधीच्या तारणाला आणि नंतरच्या चार महिन्यांत आलेल्या तारणाला पुरते, त्यापुढं जे काही येईल त्यासाठी दुरुस्ती टाकावी लागते. नोंद पाच वर्षं चालते, संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत ती पुढं चालू करावी लागते, लवकर केली तरी चालत नाही आणि उशिरा केली तरी नाही. हे टीम लीडला विचार, तो कदाचित एसओपी उघडेल.

दादा, मी अंबाजोगाईकडची, एका नागरी बँकेत कर्ज विभागात आहे. घर तारण कर्जाची सरसाईला नोंद माझ्याकडं असते. परवा एका ताईंची फाईल आली, खरेदीखतावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचंच पण स्पेलिंग तिसरंच. साहेब म्हणले आधारवर आहे ते टाक, पुढं बघू. बघू म्हणजे कोण बघणार, नोंद तर माझ्या लॉगिननं होणार.

ताई, लॉगिनची काळजी करायलात ती बरोबरच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सरसाई म्हणजे कुठली मालमत्ता कुठल्या बँकेकडं तारण आहे याची देशभराची रजिस्ट्री, ३१ मार्च २०११ पासून चालू आहे, कारण एकच घर चार बँकांकडं गहाण टाकायचे प्रकार फार व्हायला लागले होते. आधी लोक ही नोंद म्हणजे एक औपचारिकता समजायचे. पण २४ जानेवारी २०२० पासून सरफेसी कायद्याचं, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याचं, नवीन प्रकरण लागू झालंय, त्यातलं कलम २६-डी म्हणतंय नोंद नसेल तर सरफेसीखाली वसुलीच करता येणार नाही, आणि २६-ई म्हणतंय नोंद असेल तर सरकारी कर, महसूल यांच्याही आधी तुमचा नंबर. नागरी सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे हे सुप्रीम कोर्टानं मे २०२० मध्ये पक्कं केलं. म्हणजे तुमची ती पाच मिनिटांची एंट्री हीच पुढं ताबा घ्यायची किल्ली.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत माणसासाठी ड्रायव्हिंग लायसन्स असा एकच कागद नेमून दिलाय, आपल्याकडं तसा एक कागद ठरवलेला नाही, म्हणून गोंधळ. माझं मत विचाराल तर कर्जदाराचं नाव पॅनवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, पॅन नंबरासकट. कारण सरसाईवर शोध दोन बाजूनं होतो, मालमत्तेवरून आणि कर्जदारावरून, आणि कर्जदारावरून शोधणारा शहाणा माणूस आधी पॅन टाकणार. पॅन नंबराला स्पेलिंग नसतं हा त्याचा मोठा गुण आहे. आधारवरचं नाव बऱ्याच वेळा मराठीचं इंग्रजी कुणीतरी केंद्रावर बसून केलेलं असतं, तिथं वैशाली, वैषाली सगळं असतं.

पण या ताईंच्या बाबतीत आधी नोंद नाही, आधी कागद. पॅनचं स्पेलिंग चुकलंय म्हणता ना, मग त्यांना पॅन दुरुस्तीचा अर्ज करायला लावा, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातला नाव बदल घ्या, आणि तोपर्यंत कर्जाचा चेक थांबवा. चेक गेल्यावर कर्जदार कागद दुरुस्त करून आणतो हे मी तरी फारसं पाहिलेलं नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं शपथपत्र घ्याच, पण ते तुमच्या फाईलमध्ये राहतं, रजिस्ट्री ते वाचत नाही. मालमत्तेच्या भागात मालकाचं नाव खरेदीखतावर आहे तसं आणि त्याच्याबरोबर सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, नगरपालिकेचा घर नंबर, चतुःसीमा हे सगळं भरा, कंटाळा करू नका. नुसतं 'मोंढ्याजवळ घर' असलं काही टाकलेलं मी पाहिलंय, त्यानं कुणालाच काही सापडत नाही.

आपल्या भागात एक वेगळी अडचण आता आलीय, जिल्ह्याचं नाव. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, जुन्या खरेदीखतावर जुनंच नाव आहे आणि ते तसंच राहणार. खरेदीखतातला मजकूर बदलायला जाऊ नका, पण शोध घेताना दोन्ही नावांनी घ्या.

कागदपत्रं ठेवून गहाण घेतलं असेल तर तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडं नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची लेखी सूचना, पण द्यावी लागते. ती मराठीत असते आणि सरसाई इंग्रजीत. दोन्हीकडं एकाच कागदावरून नाव उतरवा, एकीकडचं वाचून दुसरीकडं भाषांतर करू नका. सरसाईची फी पाच लाखापर्यंतच्या कर्जाला पन्नास रुपये आणि वर शंभर, म्हणजे खर्चाचं कारण साहेबांना सांगता येणार नाही.

साहेबांना तोंडी सांगू नका, फाईलवर नोंद टाका की तीन कागदांवर तीन नावं आहेत, निर्णय द्यावा. सही करताना माणूस जागा होतो.

आमची पतसंस्था आहे, बीड जिल्ह्यात. आम्हाला पण सरसाई, सरफेसी हे सगळं करावं लागतंय का?

सरफेसीची वसुली पतसंस्थेला नाही, ती बँकांना आणि ठराविक फायनान्स कंपन्यांना. तुमची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर. पण म्हणून नाव कसंही टाकू नका, १०१ च्या दाखल्यात कर्जदाराचं आणि जामीनदाराचं नाव सातबाऱ्याशी किंवा नमुना आठशी जुळलं नाही की जप्तीच्या वेळी समोरचा म्हणतो 'हा मी नव्हेच', आणि वसुली अधिकारी परत येतो.

जिंतूर तालुक्यातला शेतकरी आहे. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ग्यानोबा, आधारवर ज्ञानदेव, सोसायटीच्या बोजात ज्ञानोबा. सोसायटीचं कर्ज फेडून टाकलंय, बोजा कमी करायला गेलो तर म्हणायलेत नाव जुळंना. बँकेत नवीन कर्जाला गेलो तर तिथं म्हणायलेत आधी बोजा काढून आणा. शपथपत्र दिलं तरी भागंना. काय करावं?

तुमच्या वडिलांचं तिन्ही ठिकाणी खरं म्हणलं तर एकच नाव आहे, पण कम्प्युटरला हे कोण सांगणार. इंग्रजीत तर ज्ञानोबाच्या 'ज्ञा'चं कुणी डी-एन-वाय करतंय, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. मराठवाड्यात ही अडचण बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्तच, कारण १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, जुना महसुली रेकॉर्ड उर्दूत नाहीतर मोडीत, २०२३ ला कुणबी नोंदी शोधताना सगळ्यांनी बघितलंच की काय अवस्था आहे. उर्दूतून मराठीत आणताना, मग हाताच्या सातबाऱ्यावरून कम्प्युटरवर चढवताना, प्रत्येक वेळी लिहिणाऱ्यानं त्याला ऐकू आलं तसं लिहिलं. त्यात पुन्हा राव, अप्पा, बाई हे कधी नावात असतंय कधी नसतंय. कुणाच्या मोठेपणाचं 'राव' ते बोलण्यात राहू द्या, सातबाऱ्यावर आणि पॅनवर नसेल तर कर्जाच्या कागदात घालूच नका.

आता तुमचं काम दोन तुकड्यांत करा. बोजा आधी आणि नाव नंतर. बोजा कमी करायला सातबाऱ्यावर चढलेला फेरफार नंबर लागतो. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचं नाव आणि कंसात फेरफार नंबर असतो बघा, तो धरून सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या आणि त्यात लिहून घ्या की अमुक गट नंबर, अमुक फेरफार नंबरचा बोजा फिटला, सभासदाचं नाव सातबाऱ्यावर ग्यानोबा असं आहे. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, सचिव आधी कुरकुर करतील पण लिहून देतील. सोसायटीचा बोजा सहकार कायद्याच्या कलम ४८ च्या घोषणापत्रावर चढलेला असतो, त्यामुळं घोषणापत्राची नक्कल पण मागा, तिच्यावर वडिलांची सही किंवा अंगठा आणि गट नंबर असणार, माणूस एकच असल्याचा त्याच्याइतका चांगला पुरावा तुमच्या शपथपत्रातही नाही. अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क साईटवर ऑनलाईन होतो, बोजा कमी करणे असा वेगळा प्रकारच आहे तिथं. तलाठ्याकडं, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गेलात तरी ते तिथंच टाकायला सांगतील. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात.

नावाचं वेगळं. हाताच्या सातबाऱ्यावर बरोबर होतं आणि कम्प्युटरवर घेताना चुकलं असेल तर ती लेखनाची चूक, महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होते. म्हणून आधी जुने हाती सातबारे, खासरा पत्रक, पाहणी पत्रक यांच्या नकला काढा. पण जुन्यातही ग्यानोबाच असेल, आणि तुमच्याकडं तेच असेल असं मला वाटतंय, तर मग सातबारा चुकलेला नाहीच, चुकलंय आधार. आधार बदलून घ्यायला तहसीलच्या चकरा लागत नाहीत, सातबारा बदलायला लागतात. कुठला कागद कुठल्या कागदाच्या मागं पळवायचा हे एकदा ठरवा, नाहीतर दोन्हीकडं अर्ज करून बसाल आणि नावांची अदलाबदल होऊन पुन्हा जुळणार नाही. असं होतंय, हसू नका.

आणि बँकेला सांगा की शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, त्यामुळं त्यांचा खरा आधार सातबाऱ्यावरचा बोजाच आहे. नवीन बोजा चढवताना सातबाऱ्यावरचं नाव जसंच्या तसं घ्या असं तुम्हीच अर्जात लिहून द्या, पुन्हा ज्ञानोबा नको.

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप आहे. आधी माझ्या नावानं प्रोप्रायटरशिप होती, मागच्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेड केली, दुकानाची पाटी तीच ठेवली. सीसी लिमिट (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) जुन्या नावानं चालू आहे. सीए म्हणतो बँकेला सांगा, बँकेचा माणूस म्हणतो चालतंय, एकच तर आहे.

एकच नाही. प्रोप्रायटरशिप म्हणजे तुम्ही स्वतः, पाटीला कायद्यात वेगळं अस्तित्व नाही. कंपनी म्हणजे दुसरी व्यक्ती, तिला तिचा सीआयएन, म्हणजे कंपनी नोंदणीचा नंबर, आहे, तिचा पॅन आहे. मशिनरी आणि माल कंपनीच्या नावावर गेला असेल आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर आज तारण दिलंय कुणी हेच सांगता येत नाही. हे बँकेसाठी वाईट, आणि तुमच्यासाठीही, कारण दुसरी बँक तुमच्या कंपनीचा शोध घेईल तर काहीच दिसणार नाही, आणि मग पुढं वाद झाला की लपवलं असं म्हणतील.

करायचं काय तर कंपनीच्या नावानं नवीन मंजुरी, नवीन करार, आणि तारण दिल्यापासून तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडं सीएचजी-१ फॉर्मनं चार्ज, म्हणजे कंपनीवरच्या तारणाचा बोजा, नोंद. तीस दिवस हुकले तर जादा फी भरून आणखी तीस, त्याच्याही पुढं रकमेच्या हिशोबानं फी भरून आणखी साठ. त्यानंतर दार बंद. चार्ज नोंदलेला नसेल तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर, म्हणजे तिची देणी-घेणी मिटवायला नेमलेला माणूस, तो विचारात घेत नाही. या फॉर्मात सीआयएन टाकला की कंपनीचं नाव आपोआप येतं, त्यामुळं स्पेलिंगची चूक कमी, पण चुकीचा सीआयएन टाकला तर दुसऱ्याच कंपनीवर तुमचा चार्ज. एकाच घरच्या दोन-तीन कंपन्या असतात ना, सारख्या नावाच्या, तिथं हमखास होतंय. करारावर मात्र नाव हातानं टाईप होतं, तिथं 'प्रा. लि.' असा शॉर्टफॉर्म नको, स्थापनेच्या प्रमाणपत्रावर आहे तसं पूर्ण.

बँकेचा माणूस 'चालतंय' म्हणाला ते त्यानं लिहून दिलं का?

ट्रॅक्टरचं कर्ज फिटलंय पण आरसीवरचा बोजा निघंना, नावात फरक आहे म्हणतात. एमएच-२४ गाडी आहे.

आरटीओत शोध गाडीच्या नंबरानं होतो, त्यामुळं तारण हरवायची भानगड नाही, अडकलंय ते फक्त कागद जुळण्यात. फॉर्म ३५ वर फायनान्सवाल्याची सही-शिक्का आणि एनओसी लागते, दोन्हीवर नाव आरसीवर आहे तसंच पाहिजे, आधारवर आहे तसं नाही. एनओसी आधारच्या नावानं काढून दिली असेल तर परत करा आणि आरसीची झेरॉक्स देऊन नवीन मागा, चेसिस नंबरही त्यात टाकायला सांगा.

मी निवृत्त शिक्षक, नांदेड. मुलगा फ्लॅट घेतोय, विकणारा म्हणतो कुठलंच कर्ज नाही. सरसाईवर शोधलं तर काही सापडलं नाही. एवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

नाही सापडलं याचे दोन अर्थ होतात गुरुजी, कर्ज नाही किंवा तुम्ही शोधलं त्या नावानं नाही. विकणाऱ्याचं नाव एकदा टाकून थांबू नका. त्याच्या पॅनवरून शोधा, मग खरेदीखतावरचं नाव, मग आडनाव आधी आणि नाव नंतर, मग मधलं वडलांचं नाव काढून. घर पत्नीच्या नावे असेल तर तिच्या दोन्ही नावांनी. मग माणूस सोडा आणि मालमत्तेवरून शोधा, बिल्डरच्या नावानं पण बघा, कारण अख्ख्या इमारतीच्या जागेवर बिल्डरनं कर्ज काढलेलं असेल तर ते तुमच्या विकणाऱ्याच्या नावाखाली येणारच नाही. एका शोधाला दहा रुपये आणि वर जीएसटी पडतो, सगळे मिळून शंभर-सव्वाशेच्या पुढं जात नाही.

त्याच्या जोडीला दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, नोटीस ऑफ इंटिमेशन तिथं दिसेल. आणि मूळ खरेदीखत हातात मागा. झेरॉक्स दाखवून 'मूळ लॉकरला आहे' म्हणाला तर कुठल्या लॉकरला ते विचारा, बहुतेक वेळा तो लॉकर बँकेच्या कर्ज विभागाचा असतो.